अण्णा, माई आणि दोघांचं एकच मृत्युपत्र

नवरा-बायकोने मृत्युपत्र एकत्र करावं की वेगवेगळं, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: वेगवेगळं. पण घरात दुसरं लग्न झालेलं असेल, पहिल्या लग्नाचं मूल असेल, तर एवढ्या उत्तरावर भागत नाही. तिथे एकत्र मृत्युपत्र मागणाऱ्याच्या मनात एक रास्त भीती असते. ती भीती बाजूला सारून दोन कागद करून दिले, तर कागद वेगळे होतात आणि भीती जिथल्या तिथे राहते.

खालचं प्रकरण कुठल्या एका घराचं नाही. वारंवार समोर येणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे घर उभं केलं आहे. कायदा मात्र आहे तसाच आहे. जोडपं हिंदू उत्तराधिकार कायद्याखाली येणारं आहे, हे धरूनच वाचावं. मुस्लीम व्यक्तीला कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरतंच मृत्युपत्र, वारसांच्या संमतीशिवाय, करता येतं. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीचं लग्नाआधीचं मृत्युपत्र लग्नाने आपोआप रद्द होतं, हिंदूचं होत नाही. म्हणजे इथली उत्तरं जशीच्या तशी उचलून सगळीकडे लावता येणार नाहीत.

घर आणि मिळकत

अण्णा ७२ वर्षांचे, माई ६१ वर्षांच्या. लग्नाला २६ वर्षं झाली. अण्णांचं हे दुसरं लग्न. पहिली पत्नी वारली तेव्हा मुलगा शाळेत होता. माई घरात आल्या तेव्हा तो १२ वर्षांचा होता, आज ३८ चा आहे. तोही त्यांना माईच म्हणतो. अण्णा आणि माईंची मुलगी २४ वर्षांची. भावाबहिणीचं चांगलं जमतं. हे मुद्दाम सांगतो, कारण असे वाद भांडखोर घरांतच होतात असा अनेकांचा समज असतो.

मिळकत फार मोठी नाही, पण गुंतलेली आहे. राहता फ्लॅट दोघांच्या नावावर. बहुतेक पैसे अण्णांचे, काही माईंच्या पगारातले. अण्णांच्या मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंड. माईंची स्वतःची बचत आणि दागिने. शिवाय माईंना त्यांच्या वडिलांकडून आलेला माहेरच्या घराचा निम्मा हिस्सा. उरलेला निम्मा त्यांच्या भावाचा.

दोघं आले ते दीड पानी मसुदा घेऊनच. ओळखीच्या कोणाच्या तरी मृत्युपत्रावरून उतरवून, टाइप करून आणलेला. त्यात कामाची वाक्यं तीनच होती. एक: आमच्यापैकी जो मागे राहील तो सर्व मिळकतीचा पूर्ण मालक होईल. दोन: आम्हा दोघांच्या पश्चात सर्व मिळकत मुलगा व मुलगी यांना निम्मी निम्मी मिळेल. तीन: हे मृत्युपत्र आम्ही दोघे मिळून ठरवल्याशिवाय बदलणार नाही.

एकच कागद का हवा, असं विचारल्यावर माई म्हणाल्या, "दोन केले तर मुलाला वाटेल, माईंनी आपला वेगळा कागद करून घेतला." अण्णांनी "सुटसुटीत पडतं" एवढंच सांगितलं. मग माईच त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. तुमच्या माघारी मी सगळं लेकीच्या नावावर केलं तर, हेच ना?" अण्णांनी नाही म्हटलं नाही.

खरं प्रकरण तिथून सुरू झालं.

भीती खोटी आहे का?

आधी बघू की काहीच केलं नाही तर काय होतं. अण्णा मृत्युपत्राशिवाय गेले, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे त्यांची मिळकत माई, मुलगा आणि मुलगी यांना सारखी, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. इथे मुलगा पहिल्या लग्नाचा की दुसऱ्या, याने काही फरक पडत नाही. तो अण्णांचाच मुलगा.

माई मृत्युपत्राशिवाय गेल्या तर मात्र गणित बदलतं. स्त्रीच्या मिळकतीचा वारसा कलम १५ प्रमाणे ठरतो. पहिल्या क्रमांकावर तिची मुलं आणि नवरा. या 'मुलां'मध्ये सावत्र मुलगा येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा लछमन सिंग विरुद्ध किरपा सिंग हा निकाल आहे. सावत्र मुलगा येतो तो दुसऱ्या क्रमांकाला, नवऱ्याचा वारस म्हणून. आणि पहिल्या क्रमांकाचं कोणी हयात असेल तर दुसऱ्या क्रमांकाची पाळीच येत नाही. २६ वर्षं एका ताटात जेवलं तरी कायद्याच्या लेखी तो माईंचा मुलगा नाही.

आता बहुतेक जोडपी जे सरळ मृत्युपत्र करतात ते या घराला लावून बघा: माझं सगळं तुला, तुझं सगळं मला. अण्णा आधी गेले, सगळं माईंकडे आलं, आणि पुढे माईंनी नवं मृत्युपत्र केलं नाही. माई गेल्यावर सगळं मुलीला. अण्णांनी आयुष्यभर मिळवलेल्यातली एक वीटसुद्धा त्यांच्या मुलाला नाही, आणि यात कोणी लबाडी केलेली नाही. उलट माई आधी गेल्या तर सगळं अण्णांकडे येतं आणि त्यांच्यानंतर मुलगा-मुलीत सारखं वाटलं जातं. माईंच्या माहेरच्या घराचा हिस्साही त्यात गेला. कोण आधी गेलं एवढ्यावर दोन मुलांचं नशीब उलटंपालटं होतं.

दोघं एकाच अपघातात गेले तर? कोण आधी गेलं हे ठरवता येत नसेल, तर त्याच कायद्याचं कलम २१ सांगतं की उलट सिद्ध होईपर्यंत वयाने लहान असलेली व्यक्ती मागाहून गेली असं धरायचं. इथे माई अण्णांपेक्षा ११ वर्षांनी लहान. म्हणजे काही मिनिटांसाठी सगळं माईंचं आणि मग मुलीचं, असा दावा उभा राहू शकतो. दुसरीकडे भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ चं कलम १०५ म्हणतं की ज्याला दिलं तो मृत्युपत्र करणाऱ्याच्या मागे हयात होता हे दाखवावं लागतं. त्याखालच्या उदाहरणात दोघं एकाच बुडत्या जहाजावर आहेत आणि देणगी निष्फळ ठरते. दोन वकिलांना दोन बाजू घेऊन उभं राहायला एवढं पुष्कळ आहे.

तेव्हा अण्णांची भीती खोटी नाही. ती माईंच्या स्वभावाबद्दल नाही, म्हणून माईंनी वाईट वाटून घेण्याचंही कारण नाही. माईंनी काहीही न करता ती खरी ठरू शकते.

मग एकत्र मृत्युपत्राने ती जाते का?

एका कागदावर दोघांनी सह्या केल्या म्हणून तो दोघांचा मिळून एक हुकूम होत नाही. कायदा त्याकडे एका कागदावर लिहिलेली दोन मृत्युपत्रं म्हणून बघतो. अण्णा गेले की त्यातला अण्णांच्या मिळकतीपुरता भाग अमलात येतो. माईंचा भाग माई असेपर्यंत नुसता कागद. आणि १९२५ च्या कायद्याचं कलम ६२ स्पष्ट आहे: मृत्युपत्र करणारा, ते करण्यास सक्षम असेपर्यंत, कधीही ते रद्द करू शकतो किंवा बदलू शकतो. नुसतं एकत्र मृत्युपत्र असेल, तर मागे राहिलेली व्यक्ती आपल्यापुरतं ते बदलू शकते. अण्णांना जी हमी हवी होती ती एकाच कागदात असण्याने मिळत नाही.

ती मिळते, मिळालीच तर, दुसऱ्या एका गोष्टीने. दोघांनी एकमेकांना लाभ देताना आपसात करार केला असेल की मागे राहणाराने हे बदलायचं नाही, आणि मागे राहिलेल्याने त्या मृत्युपत्राखालचा लाभ घेतला असेल, तर न्यायालय त्याला शब्द फिरवू देत नाही. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये १७६९ साली दुफूर विरुद्ध परेरा या खटल्यात लॉर्ड कॅम्डेन यांनी ती मांडली. तिथेही नवरा-बायकोचं एकत्र मृत्युपत्रच होतं. नवरा आधी गेला, बायकोने त्याखालचा लाभ घेतला आणि नंतर वेगळं मृत्युपत्र केलं. आधी जाणारा आपल्या वाट्याचा करार मरणाने पूर्ण करून जातो, मग दुसऱ्याला माघार घेता येत नाही, असा त्यामागचा विचार. आपल्याकडची न्यायालयंही परस्पर मृत्युपत्रांबाबत याच वाटेने जातात.

पण तो करार सिद्ध करावा लागतो. दोन मृत्युपत्रांतला मजकूर सारखा आहे, एवढ्यावरून करार होता असं धरत नाहीत. अण्णांच्या मसुद्यातलं तिसरं वाक्य कराराच्या जवळ जातं खरं. पण ते सिद्ध करायला कोर्टात कोण उभं राहणार? मुलगा. कोणाविरुद्ध? माईंविरुद्ध किंवा त्यांच्या मागे बहिणीविरुद्ध. ज्या घरातलं भांडण टाळायला हा कागद केला, त्या घरात भांडल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

शिवाय मसुद्याची पहिली दोन वाक्यं एकमेकांना छेद देतात. मागे राहणारा 'पूर्ण मालक' असेल, तर त्याच्या पश्चात मिळकत कोणाला जाईल हे आधी गेलेल्याने ठरवायचं कसं? मुलीचा वकील पहिल्या वाक्यावर बोट ठेवील आणि १९२५ च्याच कायद्याचं कलम ९५ दाखवेल: मर्यादित हक्क द्यायचा होता असं मृत्युपत्रातून दिसत नसेल, तर मिळतो तो पूर्ण हक्क. मुलाचा वकील दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवील आणि कलम ८८ दाखवेल: दोन कलमांचा मेळच बसत नसेल तर शेवटचं टिकतं. न्यायालय आधी दोन्हींचा मेळ घालायचा प्रयत्न करील. यातलं काय निघेल हे आज कोणी छातीठोकपणे सांगू नये.

आणि समजा निघालं की माई बांधल्या गेल्या आहेत. मग माईंच्या बाजूने बघा. आज त्या ६१ वर्षांच्या आहेत. अण्णांच्या मागे २५-३० वर्षं जगू शकतात. त्या काळात मुलीवर संकट येईल, मुलगा परदेशी स्थायिक होऊन म्हणेल मला काही नको, इमारत पुनर्विकासाला जाईल, माईंना देखभालीसाठी पैसा लागेल. कागद बदलायला 'आम्ही दोघे मिळून' हवेत, आणि दोघांतला एक जगात नाही. बांधलेल्या माणसाने रोजच्या खर्चाला किती वापरायचं, नातवाच्या शिक्षणाला दिलं तर चालेल का, मोठी रक्कम कोणाला दिली तर ती करार मोडण्याची पळवाट ठरेल का, याची उत्तरं दीड पानी मसुद्यात कुठून असणार?

एकत्र मृत्युपत्राच्या काही अडचणी व्यवहारातल्या आहेत. त्या किरकोळ वाटतात, पण त्रास त्याच जास्त देतात. अण्णा गेल्यावर कागद उघडला की माईंनी आपल्या मागे कोणाला काय ठेवलं आहे, हेही त्याच दिवशी दोन्ही मुलांना कळतं, माई हयात असताना. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर न्यायालयाचं शिक्कामोर्तब, घेतलं तर मूळ मृत्युपत्र न्यायालयाच्या दफ्तरी जमा राहतं, आणि माईंच्या मागे तोच कागद पुन्हा लागणार असतो. साक्षीदारांचंही तसंच. मृत्युपत्र सिद्ध करायला साक्षांकन करणारा किमान एक साक्षीदार हयात आणि सक्षम असेल तर त्याला बोलवावंच लागतं. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६८ मधली ही तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये आहे. आज अण्णांच्या वयाचे दोन मित्र साक्षीदार घेतले, तर ३० वर्षांनी माईंची सही कोण ओळखणार?

माईंनी काढलेला मुद्दा

इथवर सगळं अण्णांच्या भीतीभोवती फिरत होतं. मसुदा दुसऱ्यांदा वाचताना माई थांबल्या. "सर्व मिळकत म्हणजे माझ्या वडिलांचं घरसुद्धा?" हो, ते घरसुद्धा. मसुद्याप्रमाणे त्यातला निम्मा वाटा सावत्र मुलाला जाणार होता. माईंना मुलाचं वावडं नव्हतं. पण त्या घरात त्यांचा भाऊ आपल्या कुटुंबासह राहतो, आणि उद्या त्या दाराशी वाटणी मागायला अण्णांचा मुलगा उभा राहावा हे त्यांना पटेना. भावालाही ते पटलं नसतं.

अण्णा म्हणाले, "मग मी फ्लॅटमधला निम्मा तुझ्या मुलीला देतोय, ते?" माई म्हणाल्या, "ती तुमचीही मुलगी आहे."

यावर अण्णांकडे उत्तर नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. दोघांच्या मिळकतीचा उगम वेगळा, दोघांची देण्याची माणसं थोडी वेगळी, जबाबदाऱ्या वेगळ्या. एकच कागद करताना हा फरक दडपावा लागतो आणि सगळ्याची सरसकट निम्मी-निम्मी वाटणी होते. दोघांच्या मनात नसलेली गोष्ट दोघांच्या सहीने लिहिली जाते. माझ्या मते एकत्र मृत्युपत्राचा हा सगळ्यात मोठा दोष आहे, आणि कायद्याच्या चर्चेत तोच सहसा सुटतो.

काय केलं

दोन स्वतंत्र मृत्युपत्रं करायची ठरलं. पण अण्णांची भीती घालवायची ती माईंकडून शब्द घेऊन नव्हे. अण्णांच्या वाट्याचं पुढे कुठे जावं, हे अण्णांनी स्वतःच्याच मृत्युपत्रात शेवटपर्यंत लिहायचं. माईंच्या हातात ते पूर्ण मालकीने जाणारच नसेल, तर माई पुढे काय करतील हा प्रश्न उरत नाही.

अण्णांच्या मृत्युपत्रात तीन गोष्टी केल्या. फ्लॅटमधल्या त्यांच्या हिश्श्यावर माईंना हयातभर राहण्याचा आणि उपभोगाचा हक्क. विकण्याचा, गहाण टाकण्याचा किंवा मृत्युपत्राने देण्याचा नाही. माईंच्या मागे तो हिस्सा मुलगा आणि मुलगी यांना सारखा. दुसरी गोष्ट, मुदत ठेवींचा मोठा भाग माईंना पूर्ण मालकीने, काहीही अट न घालता. तिसरी, म्युच्युअल फंडांतला ठरावीक वाटा मुलाला, अण्णांच्या मागे लगेच.

तिसऱ्या गोष्टीवर अण्णा कुरकुरले. "माई असताना मुलाला कशाला?" माझा आग्रह होता. ज्याला सगळं माईंच्या मागेच मिळणार आहे, तो मुलगा कितीही चांगला असला तरी माईंच्या मरणाची वाट बघणाऱ्याच्या जागी उभा राहतो. त्याला तिथे उभं करू नये. थोडं आधी देऊन मोकळं करावं.

दुसऱ्या गोष्टीमागे कायद्याचं कारण आहे, आणि ते जरा नाजूक आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४(१) प्रमाणे हिंदू स्त्रीच्या ताब्यातली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची होते. कलम १४(२) हा त्याला अपवाद: मृत्युपत्राने किंवा दानपत्राने मुळातच मर्यादित हक्क दिला असेल तर तो मर्यादितच राहतो. पण तुळसम्मा विरुद्ध शेषा रेड्डी या १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की स्त्रीच्या आधीपासूनच्या पोटगीच्या हक्काच्या बदल्यात ती मिळकत दिली असेल, तर अपवाद लागू होत नाही. मर्यादित हक्क वाढून पूर्ण मालकी होते. पुढे २०२२ मध्ये जोगी राम विरुद्ध सुरेश कुमार या प्रकरणात नवऱ्याने स्वकष्टार्जित मिळकतीबाबत मृत्युपत्राने बायकोला दिलेला हयातीपुरता हक्क मर्यादितच राहील असा निकाल आला. आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठाने या दोन कलमांच्या अर्थावर निकालांमध्ये एकवाक्यता नाही, असं म्हणून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला.

म्हणून बायकोला नुसता 'हयातभर हक्क' लिहिला की काम झालं, असं समजू नये. अण्णांच्या मृत्युपत्रात स्पष्ट लिहिलं की माईंच्या चरितार्थाची सोय ठेवी पूर्ण मालकीने देऊन केली आहे, आणि फ्लॅटमधला हयातीचा हक्क त्या सोयीच्या बदल्यात नसून वेगळा व मर्यादित आहे. यापुढे जाऊन पक्की हमी कोणी देत असेल तर त्याच्याकडे जरा संशयाने बघावं. आणि याची दुसरी बाजूही आहे: ठेवी खरोखरच माईंना पुरतील एवढ्या हव्यात. कागदावर चरितार्थाची सोय लिहायची आणि प्रत्यक्षात चणचण ठेवायची, हे न्यायालयात तर टिकणार नाहीच, घरातही टिकणार नाही.

माईंचं मृत्युपत्र त्यामानाने सोपं गेलं. फ्लॅटमधल्या त्यांच्या हिश्श्यावर अण्णांना हयातभर हक्क, नंतर तो मुलीला. माहेरच्या घराचा हिस्सा मुलीला, पण तिने तो विकायचा ठरवला तर आधी मामाला विचारावं अशी इच्छा व्यक्त केली; अट घातली नाही. दागिन्यांतले दोन डाग सुनेला, बाकी मुलीला. अण्णांनी हे वाचलं. फ्लॅटमधला माईंचा हिस्सा पूर्ण मुलीला जातोय हे त्यांना थोडं लागलं, पण ते काही बोलले नाहीत.

दोन्ही कागदांत ३० दिवसांचं कलम घातलं: जोडीदार माझ्या मृत्यूनंतर ३० दिवस हयात नसेल तर तो माझ्या आधी गेला असं धरावं. एकाच अपघाताचा वाद एवढ्याने मिटतो. शिवाय 'वर न लिहिलेली उरलीसुरली मिळकत' कोणाला, हे दोघांनीही लिहिलं. हे वाक्य लोक नेहमी विसरतात आणि मग पुढे घेतलेली एखादी ठेव कायद्याच्या वाटणीत जाते.

वेगळ्या मृत्युपत्रांचा धोका

स्वतंत्र मृत्युपत्रांची बाजू घेताना त्यांचा धोकाही सांगायला हवा. दोन कागद दोन वेळी, दोन वकिलांकडे, एकमेकांना न दाखवता झाले की तपशिलात फरक पडतो. या घरात तो पडणारच होता. फ्लॅटमधला आपला हिस्सा किती, असं वेगवेगळं विचारल्यावर अण्णांनी "जवळजवळ सगळा माझाच" म्हटलं आणि माईंनी "निम्मा निम्मा". खरेदीखतात नावं दोन आणि हिस्सा लिहिलेला नाही. अशा वेळी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे, ज्याने जितके पैसे घातले तितका हिस्सा. पुरावा नसेल तर सारखा. बँकेचे जुने कागद काढून बसलो तर दोन्ही उत्तरं बरोबर नव्हती. शेवटी दोघांनी ६० आणि ४० टक्के मान्य केले आणि दोन्ही मृत्युपत्रांत तेच आकडे, त्याच शब्दांत लिहिले.

नामनिर्देशनाचंही तसंच. अण्णांच्या एका जुन्या विमा पॉलिसीवर अजून दिवंगत पहिल्या पत्नीचं नाव होतं आणि म्युच्युअल फंडांवर एकट्या मुलीचं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे विम्याबाबत १९८४ च्या सरबती देवी प्रकरणात (२०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर नॉमिनी जोडीदार, मुलं किंवा आईवडील असतील तर हे तितकं सरळ राहिलेलं नाही) आणि शेअर्सबाबत २०२३ च्या शक्ती येझदानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. तरी पैसे हातात पडतात ते नॉमिनीच्या. मृत्युपत्रात वाटा भावाला आणि नॉमिनी बहीण, अशी स्थिती ठेवून जाण्यात शहाणपण नाही. नावं बदलून घेतली. 'दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहिलेला' अशा संयुक्त खात्याबद्दलही अण्णांचा समज होता की ते आपोआप माईंचं होईल. बँक पैसे माईंना देऊन मोकळी होईल, पण ते कोणाचे हा प्रश्न वेगळा राहतो. म्हणून त्या खात्याचाही उल्लेख मृत्युपत्रात केला.

सह्या एकाच दिवशी झाल्या, पण एकाच खोलीत नाही. माईंच्या सहीच्या वेळी अण्णा बाहेर बसले, अण्णांच्या वेळी माई. १९५९ च्या वेंकटाचल अय्यंगार प्रकरणापासून न्यायालयं हे बघतात की ज्याला लाभ मिळतो त्याने मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला होता का. घेतला असेल तर संशय दूर करण्याची जबाबदारी वाढते. एकत्र मृत्युपत्रात हे टाळताच येत नाही, तिथे लाभार्थी शेजारीच बसून सही करत असतो. साक्षीदार दोघांपेक्षा बरेच तरुण घेतले, नात्यातले नाहीत. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नसते, आणि त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही; तरी दोघांनी दुय्यम निबंधकाकडे ती करून घेतली. नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र निर्विवाद होत नाही, हेही त्यांना सांगितलं.

एकत्र कधी चालेल?

मूल नसलेलं जोडपं, मिळकत दोघांनी मिळून उभी केलेली, आणि दोघांच्या पश्चात ती एकाच संस्थेला किंवा एकाच भाच्याला द्यायची आहे, असं असेल तर एकत्र मृत्युपत्र केलेलं मी पाहिलं आहे आणि ते निभावतंही. तरी तिथेही दोन वेगळ्या कागदांनी तेच साधतं, मग एका कागदाचा हट्ट कशाला हे मला कळत नाही. मृत्युपत्राची खरी निकड मात्र अशाच जोडप्यांना असते. मूल आणि नवरा दोन्ही मागे नसतील तर स्त्रीची स्वकष्टाची कमाईसुद्धा कलम १५ प्रमाणे आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांकडे नंतर. हे ऐकून चकित न होणारी बाई मला अजून भेटायची आहे.

करारानेच बांधून घ्यायचं असं दोघांनी खरोखर ठरवलं असेल, तर तसा करार स्पष्ट शब्दांत लिहावा: कोणती मिळकत, कोणत्या खर्चाला मुभा, कोणत्या परिस्थितीत सूट. मसुद्यातल्या तिसऱ्या वाक्यासारखा ओझरता नको. पण असा करार करणाऱ्यांपैकी मागे राहणाऱ्याने आधी स्वतःचा वेगळा सल्लागार गाठावा. इथे त्या बहुधा माई असत्या.

उरलेलं

दोन प्रश्न सुटले नाहीत. एक पुनर्विकासाचा. फ्लॅटच्या जागी नवा फ्लॅट आला तर माईंचा हयातीचा हक्क त्यावर चालेल, असं लिहिलं आहे. पण दोन-तीन वर्षं भाड्याने राहावं लागलं तर ते भाडं आणि वाढीव जागेचा खर्च अण्णांच्या मागे कोणी द्यायचा, यावर दोघांचं एकमत झालं नाही. अण्णा म्हणतात मुलांनी निम्मा निम्मा. माई म्हणतात मला मुलांकडे मागायला लावू नका. तोवर ते कलम कोरं ठेवलं आहे.

दुसरा प्रश्न मुलांना सांगायचं का. अण्णांनी आपलं मृत्युपत्र मुलाला आणि मुलीला समोर बसवून वाचून दाखवलं. माईंनी स्वतःचं दाखवलं नाही. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "मी माझं उद्या बदललं, तर यांना कळवावं लागतं का?" कायद्याने नाही लागत. नवं मृत्युपत्र किंवा पुरवणी केली, तर तिलाही तशीच सही आणि दोन साक्षीदार लागतात, बाकी काही नाही. अण्णा शेजारीच बसले होते. "बदल की," ते म्हणाले, "माझं तर आता माझ्यापाशी आहे."